चष्म्यातला मेळावा आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हांला विषय दिला होता "मोबाईलचे दुष्परिणाम". आता या विषयावर भाषण ठोकणे फार सोपे आहे. दरवर्षी कोणी ना कोणी ठोकतोच, आणि समोर बसलेली पोरं खाली मान घालून मोबाईलच बघत असतात. (हसू नका, आत्ताही दोघे-तिघे दिसतात.) म्हणून आम्ही समितीला विनंती केली की मोबाईलच्या पुढचं जे आलं आहे, त्याविषयी आम्हांला बोलू द्या. डोळ्यांवर एक डबा बांधून माणसं हल्ली नसलेल्या जागेत जमतात. गप्पा मारतात, गाणी म्हणतात, नाचतात. इंग्रजीत त्याला व्हीआर म्हणतात, पुस्तकी मराठीत आभासी वास्तव. आम्ही आपला चष्मा म्हणू. या चष्म्यातल्या संगतीने माणसाच्या जिवाला बरं वाटतं की तो आणखी एकटा पडतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या गल्लीत हा चष्मा आजवर एकदाच आला आणि चार दिवसांनी परत गेला. मग त्याची चर्चा इथे कशाला, असे काही वडीलधारे म्हणतील. पण आपली किती मुलं-मुली आज पुण्याला, मुंबईला, नाशिकला एकेका खोलीत राहतात, ते मोजा. चष्मा तिथे आहे. आणि आपलं लेकरू तिथे आहे, म्हणजे प्रश्न येवल्यातलाच झाला.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगतो. आपल्या दोन डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात, त्यामुळे आपल्याला जवळचं-लांबचं कळतं. या डब्यात दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्याला तसंच किंचित वेगळं चित्र दाखवलं जातं. तुम्ही मान वळवली की चित्रही वळतं. हातात दोन दांडे असतात, हात उचलला की चित्रातला तुमचा हात उचलला जातो. डोळ्यांना वाटतं आपण चाललो आहोत, आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी जागा म्हणते की आपण तर खुर्चीवर बसलो आहोत. दोघांचं भांडण होतं आणि माणसाला मळमळतं. इतकं पटण्याजोगं ते दिसतं.

व्हीआरचॅट नावाची अशी जागा २०१७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. फेसबुक कंपनीला तर हाच पुढचा जमाना वाटला, म्हणून तिने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी स्वतःचं नाव बदलून मेटा ठेवलं आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत होरायझन वर्ल्ड्स नावाचं आपलं आभासी गाव उघडलं. गंमत अशी की त्या गावातल्या माणसांना सुरुवातीला पायच नव्हते. कंबरेपर्यंतचा माणूस, खाली हवा! आपल्या देशात तामिळनाडूच्या एका जोडप्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये लग्नाचा स्वागत समारंभ अशा जागेत केला. त्यात वधूचे वारलेले वडील चित्ररूपाने हजर केले होते. ऐकून आमच्या घरात बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कोणी हसू नये. पंगत मात्र चष्म्यातून वाढता येत नाही.

आता आमच्या भाच्याची हकिकत सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. पुण्यात संगणकाचं काम करतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या कंपनीने सगळ्यांना घरून काम दिलं, ते बऱ्याच अंशी तसंच राहिलं. तेव्हापासून एक खोली, एक खिडकी, एक संगणक. जागा शोधताना किती दारांवर आडनाव ऐकून "कळवतो" असं उत्तर मिळालं, ते त्याने आईला सांगितलं नव्हतं, आम्हांला सांगितलं. मग त्याने कोणाचा तरी वापरलेला चष्मा विकत घेतला. संध्याकाळी सातला तो चढवायचा, रात्री अकरा-बाराला उतरवायचा. त्यात त्याला मित्र मिळाले. एक ब्राझीलचा, एक फिलिपाईन्सची परिचारिका, एक लखनौचा. तिथे हा कोल्ह्याच्या रूपात फिरायचा. आम्ही म्हणालो, "कोल्हाच का रे?" तर म्हणतो, "मामा, तिथं कोल्ह्याला कुणी आडनाव विचारत नाही."

या वाक्याला आमच्याजवळ झटकन उत्तर नव्हतं. जमलेल्यांपैकी ज्यांनी परगावी खोली शोधली आहे, त्यांच्याजवळही नसेल. लोक सहज म्हणतात, पोरगं वाया गेलं, चष्म्यात तोंड खुपसून बसतं. पण ते तिथे का गेलं, हे विचारायला नको? जिथे बाहेरची दारं बंद होती तिथून ते उघड्या दाराकडे गेलं. बोलताना अडखळणारा हा मुलगा तिथे गाणी म्हणू लागला. दोन वर्षांत त्याचा आवाज मोकळा झाला, हे आम्ही स्वतः ऐकलं आहे.

या चष्म्याचे फायदे नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाच्या दरीचा एक खेळ बनवला. जखमेची पट्टी बदलताना रुग्णाला चष्मा लावून त्या बर्फात फिरवतात, त्याचं लक्ष तिकडे जातं आणि वेदना कमी जाणवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, चालता न येणाऱ्याला, चारचौघांत बोलायची धास्ती असणाऱ्याला ही सोबत म्हणजे मोठा आधार होऊ शकते.

आणखी एक गोष्ट वाचून तर आम्ही थबकलो. स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये एक प्रयोग मांडला. काही लोकांना आभासी जागेत उंच शरीर दिलं, काहींना बुटकं, आणि पैशांच्या वाटणीवर घासाघीस करायला लावली. उंच शरीर मिळालेले लोक जास्त ठामपणे अडून बसले. अंगावर जे रूप चढतं तसा माणूस वागू लागतो, असा त्याचा अर्थ.

हे आपल्याला नवीन आहे का? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना काय सांगितलं, आठवा. लुगडं नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने तुमची जात सांगतात ते टाकून द्या, नीटनेटक्या राहा, इतर बायांसारखं नेसा. बायांनी ते लागलीच मनावर घेतलं. रूप बदललं की पाठीचा कणा ताठ होतो, हे स्टॅनफर्डच्या ऐंशी वर्षं आधी महाडला कळलेलं होतं. पण फरक कुठे आहे तो बघा. त्या बाया नव्या पद्धतीचं लुगडं नेसून आपल्याच गावच्या रस्त्यावरून चालल्या. ज्यांनी त्यांना खाली पाहायला लावलं होतं, त्यांच्याच डोळ्यांसमोरून चालल्या. आमच्या भाच्याचा कोल्हा चष्म्यात गातो, आणि चष्मा उतरवला की भाचा पुन्हा जिन्यावरून भिंतीला घासून उतरतो. धीर चष्म्यात कमावला तर हरकत नाही. तो जिन्यावर खर्च झाला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

आणि जात तिथे पोचत नाही हेही खरं नाही. सात-आठ महिन्यांच्या मैत्रीनंतर त्या लखनौच्या मित्राने एके रात्री सहज विचारलं, "पूरा नाम क्या है?" भाच्याने सांगितलं. भांडण नाही, शिवी नाही. हळूहळू त्या मित्राला वेळ मिळेनासा झाला. चष्मा कंपनीने बनवला, पण तो घालणारी डोकी जुनीच आहेत ना!

बायांच्या बाबतीतही तेच. मेटाचं ते गाव उघडण्याच्या सुमारासच एका स्त्रीने तक्रार केली की एका अनोळखी आकृतीने तिच्या आकृतीशी अंगचटीला येण्याचा प्रकार केला. शरीर नसलेल्या जागेतही! मग फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने नियम आणला की दोन आकृत्यांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राहील. कोणी त्याच्या आत येऊ लागलंच तर त्याची पुढची चाल थांबेल. बाईच्या रक्षणासाठी हे योग्यच आहे, आमचा त्याला पाठिंबा आहे. पण फुटांत मोजलेलं अंतर म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो. कोणाची सावली कोणावर पडू नये म्हणून आपले आजे-पणजे किती अंतरावर उभे राहिले, ते सांगणारी माणसं आम्ही लहानपणी पाहिली आहेत. ते अंतर आपला अपमान करायला होतं, हे रक्षणाला आहे. दोन्ही एक नाहीत. तरी ज्यांनी स्पर्शासाठी लढा दिला त्यांनी, जिथे स्पर्शच होत नाही अशा संगतीवर समाधान मानावं का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी पाणी ओंजळीत घ्यावंच लागलं. पाण्याचं चित्र बघून काम झालं नसतं.

भाचा गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने आजारी पडला. तीन दिवस त्याने ताप अंगावर काढला. इथे चष्म्यातल्या मित्रांची बाजू सांगितली पाहिजे. फिलिपाईन्सच्या त्या परिचारिकेनेच त्याला दटावून सांगितलं की आजच्या आज रक्त तपास, प्लेटलेट बघ. तिचा सल्ला योग्य होता. ब्राझीलवाला रात्रभर जागा राहून बोलत होता. पण तपासायला नेणार कोण? उठून दार उघडायची ताकद नव्हती. समोरच्या खोलीत लातूरकडच्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. दोन वर्षांत याने त्यांचं नाव विचारलेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं की याच्या दाराला दुधाच्या दोन पिशव्या तशाच लटकलेल्या आहेत, एक तर नासून फुगली आहे. त्यांनी दार बडवलं. शेवटी शेजाऱ्याला बोलावून कडी तोडली, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. पुढचे आठ दिवस त्याच बाईने भाताची पेज दिली.

मित्रांची माया खोटी नव्हती हो. सातासमुद्रापलीकडून त्यांना दुधाची पिशवी दिसत नव्हती, एवढंच.

विनयपिटकात एक प्रसंग आहे, भन्तेजींनी आपल्याला अनेकदा सांगितला आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवलं, स्वतः त्याच्यावर ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. मग बाकीच्यांना विचारलं की याच्याकडे कोणी का पाहत नाही. विहार भरलेला होता, भिक्खू शेजारी-शेजारी राहत होते, तरी तो एकटाच पडला होता! म्हणजे नुसतं जवळ राहिल्याने सोबत होत नाही, हेही लक्षात घ्या. चष्म्याला नावं ठेवण्याआधी आपल्या गल्लीत कोण किती दिवस दिसलं नाही, ते सांगता येईल का?

आम्ही १९९१ साली मुंबईला एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. साचेखात्यात. ज्यांनी साचेखातं पाहिलं नाही त्यांना तो आवाज सांगून कळायचा नाही. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. सगळं बोलणं हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून. मिशीला पीळ दिला की जॉबर आला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. छातीवर हात ठेवून मान हलवली, की घरून वाईट पत्र आलं आहे. पाळी संपेपर्यंत सगळ्या खात्याला कळलेलं असे आणि खोलीवर पोचेस्तोवर गावी जायच्या भाड्याचे पैसे जमलेले असत. पुढे मज्झिम निकायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्खूंची गोष्ट वाचली. ते तिघे एकत्र राहायचे. भिक्षेहून जो आधी येईल तो आसनं मांडायचा, पाण्याचा रिकामा घडा ज्याला दिसेल तो भरायचा. घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं आणि दोघांनी मिळून उचलायचा, न बोलता. वाचताना आम्हांला आमचं साचेखातंच आठवलं. सोबत म्हणजे गप्पा, असं आपण समजतो. ते तिघे तर पाच दिवसांतून एकदा रात्रभर धम्मचर्चेला बसायचे, एरवी गप्प. घडा मात्र रिकामा राहत नव्हता.

ती गिरणी मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती पुन्हा चालू झाली नाही. मुंबईत कितीतरी गिरण्यांच्या जागी मॉल झाले, तिथे आता चष्मा घालून खेळायची दुकानं असतात. अर्ध्या तासाचे पैसे घेतात. असो.

त्याच २०२० साली चौदा एप्रिलला आपण घराघरांत वंदना घेतली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका असं सरकारने आवाहन केलं आणि थेट प्रक्षेपण दाखवलं. आपण पडद्यासमोर हात जोडून उभे राहिलो. ते त्या वेळी योग्यच होतं, माणसांचे जीव वाचले. पण पुढे निर्बंध उठले तेव्हा कोणी म्हणालं का, की आता पडद्यावर दिसतं तर कशाला जायचं? दादरच्या गर्दीत पाय तुडवून घ्यायला लोक पुन्हा गेले. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्या येवल्यात सुमारे दहा हजार माणसं जमली, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या माणसांना बातमी दोन दिवसांनी गावी बसून कळली असतीच. तरी ती चालत आली. शेजारी कोण उभा आहे, तोही आपल्यासारखाच ठाम आहे की नाही, हे गर्दीत खांद्याला खांदा लागला की कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी लागतो. म्हातारेच एकटे पडतात असं आपण समजतो, पण तरुण पोरांतही हे प्रमाण फार आहे. म्हणून हा चोचल्यांचा विषय नाही, आरोग्याचा आहे.

उपाय काय? काही गावांनी काही केलं आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आम्हांला हे आवडलं. आमच्या भोंग्याने आम्हांला घरातून बाहेर काढलं, यांचा भोंगा घरात बसवतो! एकट्याने मोबाईल ठेवला तर तो एकटाच पडतो, सगळ्या गावाने ठेवला तर गाव जमतं. यवतमाळच्या पुसद तालुक्यात बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हे मात्र आम्हांला तितकं पटत नाही. बंदी आली की पहिला मोबाईल मुलीच्या हातातून जातो, मुलाच्या नाही. आणि परगावी शिकणाऱ्या मुलीला तोच एक आधार असतो.

भाचा बरा व्हायला येवल्याला आला तेव्हा चष्मा बरोबर होता. याच विहारात त्याने तो सगळ्यांना लावून दाखवला. कोपऱ्यातल्या आजी, ज्यांनी उभा जन्म पैठणीच्या मागासाठी कांड्या भरल्या, त्यांनाही लावला. समोर ती फिलिपाईन्सची मुलगी आली, भाच्याने शिकवलं होतं म्हणून तिने "जयभीम आजी" म्हटलं. आजींनी दोन्ही हात पुढे केले, तिच्या गालांवरून फिरवून कानशिलावर बोटं मोडायला. हात आरपार गेले. आजी म्हणाल्या, "पोरगी गोड हाये, पण हाताला लागत न्हाई." मग म्हणाल्या, "तिला म्हणावं संक्रांतीला ये, पतंग बघायला. आसारी धरायला माणूस लागतंच." सगळे हसले. ती मुलगी खरंच येणार आहे असं भाचा सांगतो, बघू. त्या लातूरच्या बाईंना मात्र आम्ही रीतसर बोलावलं आहे, त्यांची राहायची सोय आमच्या घरी.

आता समितीपुढे आमची एक मागणी आहे, आणि ती अध्यक्षांनी आजच मान्य केली आहे. विहाराच्या कपाटात एक दोनशेपानी वही ठेवली आहे. ज्यांचा मुलगा, मुलगी, सून, नातू परगावी राहतो, त्यांनी त्यात लेकराचं नाव, पत्ता आणि पुढे आणखी एक नाव लिहायचं. त्या गावात लेकराचं दार वाजवू शकेल अशा माणसाचं नाव. मित्र ऑनलाईन कितीही असोत, इथे दार वाजवणाराच हवा. ज्यांना असं नाव माहीत नाही त्यांनी रकाना कोरा ठेवावा, लाजू नये. पुणे, नाशिक, ठाणे इथे आपली माणसं आहेत, कोऱ्या रकान्यांसाठी आम्ही त्यांना पत्रं टाकू, फोन करू. आणि गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं वहीच्या मागच्या बाजूने लिहायची. त्यांच्या घरी रोज सकाळी कोण डोकावणार, ते रविवारच्या वंदनेनंतर वाटून घेऊ. आजपर्यंत अकरा घरांनी नावं दिली आहेत, त्यांतले सात रकाने कोरे आहेत. वहीला पेन दोरीने बांधलेलं आहे, ते कोणी नेऊ नये.

जयभीम!